अर्धा टक्का जादा

गहिनीनाथ एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला तेव्हा त्याच्या हातात नऊ लाख रुपये आले आणि त्याच दिवसापासून घरात कुरबुर सुरू झाली. वडवणीत बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरावर बीडच्या एका बँकेचं कर्ज होतं. पाच वर्षांपूर्वी साडेसहा लाख उचलले होते. दर महिन्याला बहात्तरशेचा हप्ता कटत गेला, चार लाखांच्या वर पैसा भरून झाला, तरी बँकेनं बाकी सांगितली ती पाच लाख तीस हजार. बायनाबाईला हा हिशेब नीट कळला होता, म्हणूनच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचं म्हणणं एवढंच होतं, की आधी बँकेचे पैसे फेडा, घराचे कागद घरात आणा, उरेल त्यात मीठभाकर खाऊ.

गहिनीनाथचा हिशेब वेगळा होता. त्यांचा जावई भारत गावातल्या पतसंस्थेत शाखाधिकारी होता. पतसंस्था ठेवीवर साडेअकरा टक्के द्यायची, बायांच्या नावावर अर्धा टक्का जादा. म्हणजे बँक साडेदहा घेणार आणि पतसंस्था बारा देणार. नऊ लाखांचे महिन्याला नऊ हजार. हप्ता जाऊन अठराशे वर उरतात आणि नऊ लाख जिथल्या तिथं.

"कर्ज फेडून हातात काय ऱ्हाईल? भिंती," तो म्हणाला. "उद्या दवाखान्यात भिंती चालतेत का?"

त्यानं नऊच्या नऊ लाख पतसंस्थेत ठेवले. पावती तिच्याच नावावर झाली, त्या अर्ध्या टक्क्यासाठी.

वर्षभर पाच तारखेला व्याज येत राहिलं. मग सलग दुसऱ्या साली पाऊस गेला. माजलगावच्या धरणाचा गाळ उघडा पडला, उसाची बिलं कारखान्यांकडं अडकली. ज्यांनी पतसंस्थेतून कर्ज नेलं होतं ते तिकडं फिरकेनात, आणि ज्यांच्या ठेवी होत्या ते चाऱ्यासाठी, बोअरसाठी पैसे काढू लागले. बायनाबाईचं व्याज एका महिन्यात बारा तारखेला आलं, पुढच्या महिन्यात दोन तुकड्यांत. त्यानंतर भारत स्वतःच घरी येऊन पाकिटात घालून देऊ लागला. मामींना उन्हात हेलपाटा कशाला, म्हणायचा. गहिनीनाथ चार लोकांत जावयाचं कौतुक करायचा.

वैशाखात लेक माहेरी आली. रुक्मिण भाकरी थापत होती आणि बायनाबाई समोर बसून तिच्या हातांकडे बघत होती. लग्नात घातलेल्या पाटल्या हातात नव्हत्या. उन्हानं हात सुजतात, असं रुक्मिण म्हणाली. थोड्या वेळानं बायनाबाईनं गळ्यातली पोत कुठाय म्हणून विचारलं, तेव्हा मात्र रुक्मिणनं तवा उतरवून ठेवला आणि ती रडू लागली.

"तुमचं व्याज चुकू नाय म्हणून गहाण ठिवलंय त्यांनी," ती म्हणाली. "तुमाला कळालं तर तुमी पैसे काढचाल. अन् साहेबाच्या सासूनं काढले म्हणल्यावर गाव काढंल."

दोन महिने आपण लेकीच्या गळ्यातलं सोनं व्याज म्हणून मोजून घेतोय आणि त्यातूनच बँकेचा हप्ता भरतोय, हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. गहिनीनाथनं आधी विश्वास ठेवला नाही. शेवटी म्हणाला, आता पैसे काढणं म्हणजे पोरीचा संसार मोडणं. ही अडचण वळवाच्या ढगासारखी आहे, निघून जाईल. तू जाऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी तो चौकात गेल्यावर बायनाबाईनं पावती घेतली, बाजाराची पिशवी घेतली आणि ती पतसंस्थेत गेली.

आत बाकावर शेजारची वत्सलाबाई बसली होती. रोज टँकरवर दोघी एकमेकींच्या घागरी डोक्यावर चढवायला हात लावायच्या. वत्सलाबाईची दोन लाखांची ठेव आज पुरी झाली होती. पोरीच्या लग्नाचे पैसे होते ते, दिवाळीपर्यंत पुन्हा ठेवायला ती आली होती.

"तू कशी काय आलीस?" तिनं विचारलं.

"व्याज न्यायला," बायनाबाई म्हणाली.

भारतनं सासूचा चेहरा पाहिला आणि तिला केबिनमध्ये नेऊन दार लोटलं. चहा मागवू का, म्हणाला. तिनं पावती टेबलावर ठेवली.

"मामी, थोडे दिवस थांबा. दिंद्रुडच्या शाखेकडनं रक्कम येणार हाय."

"पोरीच्या पाटल्या कुठं हायत, भारतराव?"

भारतनं दाराची कडी लावली. मग त्यानं हळूहळू सांगितलं. वरचे संचालक फोन उचलत नव्हते. तिजोरीत सहा लाख होते आणि बाजाराचा दिवस होता. त्यानं चेक देतो म्हणून वही काढली. बायनाबाईनं चेक नको म्हणून सांगितलं.

"बँकेचं कर्ज फिटंल एवढे द्या. आता चार लाख नव्वद हजार ऱ्हायलेत. बाकीचे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

"मंग बाहेर जी बसलेत त्यांना मी काय देऊ?"

काचेतून वत्सलाबाई दिसत होती. ती चष्मा लावून फॉर्मवर सही करत होती. दार उघडून एक शब्द बोलायचा, एवढंच काम होतं. पण बोललं तर बाजार इथं लोटेल, आपले पैसे निघणार नाहीत, आणि भारतला लोक इथंच धरतील. बायनाबाई खुर्चीतून उठली नाही.

भारतनं शिपायाला न बोलावता स्वतःच नोटा आणून दिल्या. पिशवीत तळाला नोटा, वर जुनं लुगडं घालून ती बाहेर पडली. वत्सलाबाईनं हसून हात केला.

एसटीत तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. वाटेत टँकरांच्या रांगेत गाडी अर्धा तास अडकली. ओळखीचा कंडक्टर गहिनीनाथची खुशाली विचारत होता आणि ती त्याच्या हातातल्या घड्याळाकडे बघत होती. बीडला बँकेच्या खिडकीशी पोचली तेव्हा रोखीची वेळ संपायला पंधरा मिनिटं होती. व्याजासकट आकडा चौदाशेनं वर गेला. ते तिनं कमरेच्या पिशवीतून काढून भरले. कागद मात्र कर्जदाराच्या सहीनंच मिळतील, असं साहेबानं सांगितलं.

गहिनीनाथ त्या रात्री जेवला नाही. चौथ्या दिवशी मुकाट्यानं बीडला गेला आणि घराची फाईल आणून फळीवर ठेवली.

त्यानंतर अठरा दिवसांनी पतसंस्थेचं शटर उघडलं नाही. संचालक गायब झाले. गावाला तोंड माहीत होतं ते भारतचं. लोकांनी त्याच्या घरावर दगड मारले, पोलिसांनी त्याला नेलं, आणि रुक्मिण दोन लेकरं घेऊन माहेरी आली. बायनाबाईचे चार लाख दहा हजार तिथंच गेले. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. सासूचे आधी काढून दिले, एवढंच गाव बोलत होतं.

गहिनीनाथ साठाव्या वर्षी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला. तू बरोबर होतीस, असं तो कधी म्हणाला नाही. पण पगार आणून तिच्या हातात द्यायला लागला, आणि त्यातून हप्ता म्हणून काही कुठं जात नव्हतं. पाच माणसांना तो कसाबसा पुरायचा.

एका दुपारी वत्सलाबाई आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच थांबली.

"तुला कळालं व्हतं," ती म्हणाली. "मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

बायनाबाईला जावयाचं नाव घेता आलं असतं, लेकीचं घेता आलं असतं.

"माझे निघाले नसते," ती म्हणाली.

वत्सलाबाईनं मान हलवली. तिला ते पटलं की काय, कळलं नाही. ती उन्हात तशीच चालत गेली. त्या दिवसापासून टँकर आला की बायनाबाई सगळ्या बायांचं भरून झाल्यावर शेवटी उभी राहायची, आणि घागर एकटीच डोक्यावर घ्यायची.