समोरच्या भिंतीचा उजेड

चित्रकार फक्त आभाळं रंगवायचा. खाली जमिनीची बोटभर पट्टी, वर सगळे ढग आणि उजेड. चाळीस वर्षं तो उत्तरेकडच्या एकाच खिडकीशी बसत आला होता. तिथून ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. बाहेर बघायचं, कॅनव्हासवर ब्रश टेकवायचा, पुन्हा बाहेर बघायचं. रंग जुळला की उठायचं.

दोन वर्षांत तीन चित्रं परत आली. तिसरं आज सकाळी आलं. वाचनालयाच्या बाईंनी सोबत चिठ्ठी पाठवली होती : ‘सकाळचं कोवळं आभाळ मागितलं होतं. हे बघून थंडी वाजते.’

"डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत," तो मोठ्या बहिणीला म्हणाला. "म्हणजे रंगांची जाणच गेली. ताई, रंगांची पेटी कुणाला तरी देऊन टाक. माझं संपलं."

"मी कशाला देऊ? तुझे हात मोडलेत का?" ताई गच्चीवरून वाळलेल्या चादरी घेऊन आली होती. "आणि कसली जाण गेली? काल माझ्या साडीवरचा हळदीचा डाग तूच दाखवलास."

खिडकीशी उभी राहून ती एका चादरीची घडी करू लागली आणि थांबली.

"अरे, ही पिवळट कशी दिसतेय? गच्चीवर पांढरीशुभ्र होती."

तिने चादर मागच्या स्वयंपाकघरात नेली. पांढरी. पुन्हा खिडकीशी आणली. पिकल्या संत्र्याची झाक.

दोघांनी बाहेर पाहिलं. समोरच्या बैठ्या घराची भिंत शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी नारिंगी रंगवली होती. दिवसभर ऊन तिच्यावर पडायचं आणि तिथून उलटून या खोलीत यायचं. चित्रकाराने तेव्हा नाक मुरडलं होतं, नंतर तो विसरून गेला होता.

"कॅनव्हास नारिंगी दिसायचा," तो हळूच म्हणाला, "म्हणून मी निळा घालत राहिलो."

"म्हणजे दोन वर्षं शेजाऱ्याशी भांडत होतास. तेही न बोलता!"

त्याने कॅनव्हासची लाकडी घोडी उचलली आणि परत आलेल्या चित्रासकट स्वयंपाकघरात, ओट्याला टेकवून मांडली.

"आणि मी भाजी कुठे चिरू?"

तो चित्राकडे डोळे बारीक करून बघत होता. आभाळ खरोखरच गारठलेलं होतं.

ताई पेटी घेऊन आली. "ही कुणाला द्यायची होती म्हणालास?"

"त्यातला पिवळा दे आधी," तो म्हणाला.