दुसऱ्या गिअरच्या आधी

"बाबा, डोळे मिटू नका हो. मला भीती वाटते," गाडी चालवता चालवता मुलगी म्हणाली.

"तू रस्त्याकडे बघ. माझ्या डोळ्यांचं मी बघतो."

एवढ्यात गाडीने दुसरा गिअर घेतला आणि मागून कुणी लाथ घालावी तसा धक्का बसला. म्हाताऱ्याच्या कण्यातून कळ गेली.

"पाय जड आहे तुझा. आईच्या हातात गाडी अशी कधी वागली नाही."

आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि हे वाक्य मुलीला आता पाठ झालं होतं.

गाडी तिच्या आईची. आई नर्स होती, घरोघर जाऊन रुग्णांचं ड्रेसिंग करायची. डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी तिने जुनीच घेतली होती. म्हाताऱ्याने जन्मभर पोस्टात टपाल वेगळं केलं, गाडी कधी चालवली नाही. निवृत्त झाल्यावर तो तिच्या शेजारी बसून फिरायचा. ती वर जखमा बांधायची, हा खाली गाडीत वाट बघायचा.

आता कंपनीच्या वर्कशॉपने अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणून सांगितलं होतं. म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. उद्या भंगारवाला गाडी न्यायला येणार होता. त्याआधी एकदा दाखवू, एवढ्याच आशेवर दोघं या गॅरेजात आली होती. इथला मिस्त्री प्रत्येक वाक्याआधी 'ऐका' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला ऐकामिस्त्रीच म्हणत.

मिस्त्रीने स्वतः एक फेरी मारली. इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्समधलं तेल मोजायची पट्टी ओढली, कागदावर टेकवली, वास घेतला.

"ऐका काका. गिअरबॉक्स मेलेला नाही. तेल जळलंय, गाळणी तुंबलीय आणि तेलाचा दाब सांभाळणारी झडप अडकतेय. खालचं झाकण काढू, झडप धुऊ, गाळणी आणि तेल नवं घालू. तुमच्या पेन्शनला ओरखडा येईल, भोक नाही पडणार."

"म्हणजे भंगारवाल्याला नको म्हणून कळवू?"

"खुशाल कळवा. पण ऐका, दुखणं जुनं आहे हे. तीन-चार वर्षांचं तरी असेल."

"शक्यच नाही! गेल्या वर्षापर्यंत आमची ही चालवायची. मी शेजारी असायचो. एक धक्का बसला असेल तर शपथ."

"धक्का होता काका. त्या बसू देत नव्हत्या." मिस्त्रीने तळहात खाली दाबून किंचित वर उचलून दाखवला. "दुसरा गिअर पडायच्या आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय असा हलका करायचा, की तो अलगद पडतो. पण ती वेळ आधी ओळखावी लागते. दर सिग्नलला, दर वळणाला. कोण करतं एवढं? लोक गॅरेजात टाकून मोकळे होतात."

म्हातारा गाडीकडे बघत राहिला. "मला बोलली का नाही ती?"

"बोलली असती तर तुम्ही गाडीत पाऊल ठेवलं असतंत?" मुलगी म्हणाली. "पाठीचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलेले. घरीच बसला असतात. मग तिला सोबत कुणाची?"

मिस्त्रीने पान्हा उचलला. "खोलू मग?"

"झडप धुतली की पाय उचलावा लागणार नाही?"

"अजिबात नाही. कुणीही चालवो, लोण्यासारखी पळेल."

गाडी वाचली म्हणून म्हाताऱ्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या तोंडून 'हो' निघेना.

"आधी एक फेरी मारू दे," शेवटी तो म्हणाला. "ती चालवायची तशी."

मुलगी स्टिअरिंगवर बसली, म्हातारा शेजारी, मिस्त्री मागे. आधी तिचा पाय उशिरा उचलला गेला, मग फार लवकर.

"ऐका ताई, इंजिनाचा आवाज चढतोय... चढतोय... आत्ता!"

गाडी नुसती पुढे सरकली. गिअर कधी पडला ते कळलंच नाही. म्हाताऱ्याने डोळे मिटले. या वेळी मुलगी काही बोलली नाही.

"अजून एकदा," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "अजून एकदा." मिस्त्रीने सांगणं कधीच थांबवलं होतं. मुलीला आता ते लागतही नव्हतं.

शेवटी गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली. मिस्त्री घमेलं घेऊन खाली उतरला. "काका, उतरता ना? तेल गरम आहे तोवर काढायला हवं."

"हो," म्हातारा म्हणाला आणि बसून राहिला.

मिस्त्री खड्ड्यात उगाच पान्हे वरखाली करत राहिला. मुलीने दार उघडलं, हात पुढे केला. तिच्या हाताला धरून म्हातारा हळूहळू बाहेर आला आणि ताठ उभा राहिला.

"खोला," तो म्हणाला.

तेल काळंभोर होतं. आधी धार पडली, मग ती बारीक झाली, मग थेंब थेंब. मुलीने स्टूल आणून ठेवलं, पण तो बसला नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत घमेल्याकडे बघत तिथेच उभा राहिला.