एका चेहऱ्याच्या दोघी

आई आणि मावशी जुळ्या. चेहरा एक, आवाज एक, फरक फक्त अकरा मिनिटांचा. त्या अकरा मिनिटांच्या जोरावर आईने मावशीवर जन्मभर थोरलेपण गाजवलं. आईची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसण्यात गेली. मावशी विजेचे मीटर वाचायची. दिवसभर जिने. "तुझी आई बसून कमावते, मी चढून," असं ती मला ऐकवायची.

सदुसष्टाव्या वर्षी आई विसरायला लागली. आधी शब्द, मग पेटता गॅस, मग मी. आजीचंही असंच झालं होतं, म्हणून डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सुचवली. कागदावर सही मी केली.

निकाल सांगताना ते जपून बोलत होते. "धोका वाढवणारं जनुक यांना आई-वडील दोघांकडूनही आलंय. त्यामुळे आजार होतोच असं नाही, पण शक्यता बरीच वाढते. एक प्रत तुमच्याकडेही असणार." ते नीट कानात शिरायच्या आत त्यांनी विचारलं, "यांना भावंडं?"

"एक बहीण. जुळी."

"दिसायला सारखी?"

"हुबेहूब."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मावशीने मला आधीच बजावलं होतं, "तिचं काय ते बघ, पण माझ्याबद्दल मला काही कळायला नको." सही करताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की चेहऱ्यासारखी त्यांची जनुकंही एकच, म्हणजे तो कागद दोघींचा आहे.

मी गप्प बसले. पण मावशी दुपारी आईला भेटायला आली, की माझी जीभ वळवळायची. मावशी, आज वार कुठला? सकाळी काय खाल्लंस? एखादं नाव तिला पटकन आठवलं नाही, की माझ्या हातातला कप थांबायचा. तिसऱ्या आठवड्यात तिने मला पकडलं.

"माझी परीक्षा घेतेस होय गं?"

मग मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसली. बांधलेल्या सोडून पुन्हा बांधल्या.

"आणि जन्मभराचं हे एवढं चालणं? ते फुकट?"

"नाही. डॉक्टर म्हणाले, असं जनुक असलेल्यांनाही व्यायामाचा फायदा होऊ शकतो. फक्त हमी नाही."

"हमी तर मीटरचीही कोणी देत नव्हतं," ती म्हणाली, पण हसली नाही.

त्या दिवसापासून ती पाठीला कोणी लागल्यासारखी चालायला लागली. सकाळी दोन तास, दुपारी दोन, संध्याकाळी परत. गाल बसले. घरी आली तरी आईजवळ बसेना, दारातच उभी राहायची. त्याला कारणही होतं. आई तिला ओळखत नव्हती, पण तिचा चेहरा ओळखत होती. एकदा मावशीकडे बोट दाखवून आई मला म्हणाली, "ती बघ, मी आले." आणि मग माझ्या कानाशी लागून, अगदी हळू, "तिला सांगू नकोस हं मी इथे आहे."

मावशीने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. फोन बंद. चार वाजले, पाच वाजले. ती मीटर वाचायची त्या जुन्या हद्दीतल्या इमारती शोधत हिंडले तेव्हा कुठे ती सापडली, एका नऊ मजली इमारतीच्या जिन्यात, सातव्या मजल्याच्या पायरीवर. गुडघा टम्म सुजलेला.

"मावशी, कुठे आहेस कळतंय का तुला?"

"सातवा मजला! डावीकडे चार मीटर, उजवीकडे तीन!" ती खेकसली. "पाय गेलाय माझा, डोकं नाही!"

मग तिने जिन्याच्या खिडकीकडे हात केला. "त्या काचेत ती दिसली गं. आणि क्षणभर मला कळेना, आमच्यातली कुठली आहे ते."

मी तिच्या शेजारी बसले. काचेत आता आम्ही दोघी होतो. माझी हनुवटीही त्यांचीच आहे, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर तिच्यावर रागावले. दररोज अर्धा तास झपझप चालणं पुष्कळ आहे, जीव काढून चालल्याने जास्त गुण येत नाही, म्हणाले. गुडघा बरा झाल्यावर आम्ही तिघी निघायला लागलो. आईचा एक हात मावशीच्या हातात, एक माझ्या. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी मीच आधी दमायचे. आईला त्याने काही आठवलं नाही. झोप मात्र शांत लागायची, आणि चालताना दोघींची पावलं आपोआप जुळायची. दोन वर्षांनी न्यूमोनियाने आई गेली.

मावशी आता एकाहत्तरची आहे. दर वर्षी तिची स्मरणशक्ती तपासतात. आजवर सगळं ठीक. चालण्यामुळे की नशिबामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

आई गेल्यापासून मावशीला दार उघडलं, की क्षणभर मला दारात आईच दिसते. मावशीला ते ठाऊक आहे, म्हणून ती बेल वाजवून बाहेरूनच सांगते, "मावशी आहे गं."

गेल्या आठवड्यात बेल वाजली. "मी आहे गं," आवाज आला.

माझा हात कडीवर थांबला. "मी कोण?"

बाहेर श्वासांचा आवाज येत होता. चार जिने चढून आली होती ती.

"मावशी," ती म्हणाली. जरा वेळाने.

मी दार उघडलं. आज वार कुठला, ते मात्र विचारलं नाही.