पाण्यावरचा धुरा

हौद बोलते म्हणून हसू नका मित्रांनो. मी एक जुना हौद आहो. करडी गावात, यादोरावच्या आंगणात, निंबाच्या झाडाखाली बसून आहो. पाच हात लांब, तीन हात रुंद, अन् एका कोपऱ्याले चीर. त्या चिरेची गोष्ट नाही सांगत, तिच्यात काही मजा नाही.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात देवाजी मिस्तरीनं मले बांधलं. यादोरावचं घर उभं होऊन राह्यलं होतं. इटा भिजवाले पाणी पाहिजे, म्हणून मी. घर झालं का मले फोडून टाकाचं ठरलं होतं. पण देवाजीनं माह्या आतून सिमिट असं घोटलं होतं का यादोराव हात फिरवून म्हणे, "हा तं जेवाच्या ताटावाणी गुळगुळीत हाय गा! राहू दे याले." माह्या जिंदगीतली ही पहिली शाबासकी.

मंग बैल आले. बैल पाणी पिये तं नाकपुड्या बुडवून असा फुर्र करे का माह्या पोटात गुदगुल्या होत. अशी बारा-तेरा वर्षं गेली. मंग गावात ट्रॅक्टर आला, बैल गेले, अन् मी कोरडा पडलो. निंबाचा पाला, फाटकी चप्पल, सारं माह्यातच. एकदा तं कोंबडी माह्यात अंडे घालून बसली. हौदाचा अपमानच म्हणा. पण कोणीतरी आलं म्हणून बरं वाटलं मले.

मले पुन्हा पाणी दाखवलं थे यादोरावच्या बायकोनं, मंगलाबाईनं. पोरगा विनोद वरठीच्या कारखान्यात लागला होता. सकाळीच मोटरसायकल काढे, थो दिवस बुडाल्यावर येये. घर दिवसभर सुनं. एक दिवस चंद्रकला मासेवाली दारावर आली. तिच्या पाणी भरल्या गंजात बोटाएवढी रोहूची पिल्लं जित्ती वळवळून राह्यली होती. मंगलाबाईनं अकरा घेतली, माह्यात पाणी भरलं, अन् देली सोडून.

यादोराव चुलीपासून ओरडला, "अवो, मी मसाला वाटून ठेवला ना!"

"तुम्ही वाटला, तुम्हीच खा."

त्या घरी मासे खात नव्हते असं नाही. बाजारातले खात. माह्यातले नाही. माह्यातल्या मासोळ्या म्हणजे मंगलाबाईच्या लेकी. एकीची शेपूट अर्धी तुटली होती, तिचं नाव तुटकी. मंगलाबाईनं पाण्यात बोट बुडवलं का तुटकी येऊन त्याले धक्का देये.

विनोदले मात्र मी खटके. "आई, हा हौद बुजवून टाकू. टिनाचं शेड करू, गाडी राहीन. मच्छर होते यानं."

"मच्छर खातेत माह्या मासोळ्या. तूच आणत असशीन कारखान्यातून, गाडीवर बसवून."

असं हसतखेळत चाललं होतं मित्रांनो. मंग यादोराव शेतकरी मेळाव्याले गेला, अन् पन्नीत बांधून अझोला घेऊन आला. तुम्ही पाह्यलं असन. नखाएवढं हिरवं पान, मातीत मूळ नाही, पाण्यावर नुसतं तरंगते. गाईले चारलं तं दूध वाढते म्हणे. त्यानं मूठभर माह्यात टाकलं. पहिले पंधरा दिवस तं मी खुश. चैताच्या उन्हात सावली झाली, पाणी गार झालं, मासोळ्या पानाखाली लपाछपी खेळत.

आता यादोराव धान करणारा माणूस. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, हिरवं दिसलं का त्याले झोप लागते, रंग उतरला का खत टाकते. सारी उमर हेच केलं. उन्हानं अझोला जरासं लाल पडलं तं पठ्ठ्यानं बादलीभर शेण कालवून ओतलं, वरून सुपर फॉस्फेटची मूठ. आठ दिवसांत पाणी कुठी आहे थे दिसेना. एक कोंबडीचं पिल्लू जमीन समजून माह्यावर चालाले गेलं, डुबुक! मंगलाबाईनं काढलं म्हणून वाचलं.

यादोराव येणाऱ्या-जाणाऱ्याले बलावून दाखवे. "पाह्य, कसा गच्च भरला!" लोक वाहवा करत. अन् माह्या पोटात अंधार.

एका सकाळी मंगलाबाई आंगण झाडाले आली तं अझोल्याच्या मधातून तोंडंच तोंडं. टप, टप, टप.

"अगं माय! उपाशी हायेत वो माह्या लेकी!"

तिनं ओंजळभर कोंडा टाकला. दुसऱ्या दिवशी आणखी तोंडं, म्हणून आणखी कोंडा, वरून उरलेला भात. आपल्याकडं कोणी तोंड उघडलं का आपण पहिले त्याले जेव म्हणतो. माया आहे थे, मी तिले दोष देत नाही. पण थो कोंडा खाली बसला, सडला, अन् माह्या पाण्यात होता नव्हता थो श्वासही त्यानं ओढून घेतला. मले सारं समजून राह्यलं होतं. पण एवढं मोठं तोंड असून हौदाले आवाज नाही, मित्रांनो. लय वाईट वाटे.

आठवडाभरात पाच मासोळ्या उलट्या झाल्या. वास सुटला. गुरुवारी विनोद नाकाले रुमाल लावून म्हणाला, "बस झालं आता. ट्रॅक्टरवाल्या भैय्यालालले ट्रॉलीभर मुरूम सांगतो. रविवारी बुजवून टाकतो."

मंगलाबाई नेहमीसारखी भांडली नाही. एवढंच बोलली, "रविवारी जित्त्या असल्या तं?"

"असल्या तं नाही टाकत. पण असतीन कायच्या!"

त्याच दुपारी यादोराव उठला. त्याच्या मनाले लागलं होतं. त्यानं टोपलंभर अझोला उपसलं अन् नालीत फेकलं. नाली जाते तलावात. अर्धा तास झाला नसन, तं चंद्रकला दारात उभी. पदर खोचलेला, मुठीत थेच अझोला.

"यादोरावभाऊ! हे तुमचंच ना?"

"हळू बोल ना बाई."

"हळू कायले? तुमच्या घरची घाण आमच्या तलावात काहून? आज मूठभर हाय, दिवाळीपर्यंत सारा तलाव झाकन. मंग आमी जाळं कुठी टाकाचं, तुमच्या डोस्क्यावर?"

"टाक बाई. केस नाहीत, अडकाचं नाही."

ती आणखी दोन शब्द ऐकवणार होती. पण माह्याकडून आवाज आला. टप, टप. ती माह्या काठावर बसली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, अन् हाताचा वास घेतला.

"मंगलाबाई, तू या मासोळ्यायले चारून राह्यली का?"

"हो ना. उपाशी हायेत. पाह्य कशा तोंड उघडतेत."

"उपाशी नाही वं. गुदमरल्या! तुह्या नाकावर कोणी गोधडी दाबली, अन् वरून म्हणलं जेव, तं जेवशीन का तू?"

मंगलाबाईनं हातातलं कोंड्याचं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे मीच मारल्या?"

"एकटी कायले? यानं वरून खत देल्लं, तुनं खालून. जोडी बराबर जमली." मंग चंद्रकलानं आवाज उतरवला. "रडू नको. सहा बाकी हायेत ना? मंग रडजो. पहिले हात चालव."

यादोराव टोपलं घेऊन सारंच उपसाले निघाला. तिनं त्याचा हात धरला. "सारं नको काढू भाऊ! एवढंसं पाणी, हे ऊन. उद्या चहा होईन त्याचा. अर्धंच काढ." वालाच्या मांडवाचा एक बांबू तिनं उपटला अन् माह्यावर आडवा तरंगवला. बांबूच्या एका बाजूचं अझोला सारं काढलं, दुसऱ्या बाजूचं राहू देलं.

"आता इकडचं पाणी सदा उघडं ठेवजा. हप्त्यातून एकदा तिकडचंही उपसजा, गाईले घालजा. उरलं तं उकिरड्यावर. नालीत पान जरी दिसलं ना, मी टोपलंच आणून घरात ओतीन. खत बंद, कोंडा बंद. सडकं पाणी रोज थोडं काढाचं, ताजं थोडं घालाचं."

यादोराव बांबूकडं पाहत राह्यला. दोन बांध्यांच्या मधात मातीचा बांध असते, त्याले आमच्याकडं धुरा म्हणतेत. त्याचं तोंड एकदम उजळलं. "म्हणजे पाण्यावर धुरा घातला म्हण ना!"

"हेच म्हणून राह्यली मी मघापासून. निघाला एकदाचा उजेड!"

शुक्रवारी आणखी एक गेली. पाच राह्यल्या. यादोराव घागरीनं सडकं पाणी काढे, मंगलाबाई बोअरचं पाणी उंचावरून घाले. शनिवारी तिनं कोंड्याच्या डब्याले हात लावला, अन् चुपचाप माघारी नेऊन ठेवला. तिले किती जड गेलं असन, थे मले मालूम.

रविवारची सकाळ झाली. मंगलाबाई वाकून पाहते तं एकही तोंड नाही. टप नाही, काही नाही. पाणी सपाट. तिनं बोट बुडवलं. कोणी आलं नाही.

ती माह्या काठावर बसली. "गेल्या वाट्टे," म्हणाली.

विनोद आला. आता त्याचाही आवाज बारीक झाला होता. "आई, मी दुसऱ्या आणून देईन. काचेच्या पेटीत."

"दुसऱ्या कायले? टाक तुहा मुरूम."

अन् मित्रांनो, पाचही माह्या पोटात होत्या! खाली, गारव्यात, आरामात. श्वास मिळाला तं वर कायले येतीन? इतक्या दिवसांनी झोप लागली होती त्यायले. मी सांगू कसा? भैय्यालालचा ट्रॅक्टर रिव्हर्स घेत आंगणात आला. जमीन हादराले लागली, मी हादराले लागलो. ट्रॉलीचा फाळका उघडला. मले वाटलं, संपलं.

त्या हादऱ्यानं तुटकी भेली. भेली म्हणजे अशी का पाणी फाडून हातभर वर उडाली, बांबूवर आदळली, अन् छपाक! तिच्यामागं बाकीच्या चार, साऱ्या हौदात धावाधाव.

"थांब बे भैय्यालाल!" विनोद असा ओरडला का ट्रॅक्टरच बंद पडला.

"थांबलो ना. पण हा मुरूम टाकू कुठी? माह्या घरी नेऊ का?"

मंगलाबाई डोळे पुसत उठली. "फाटकापुढं टाक. याची गाडी दर पावसाळ्यात तठीच फसते."

थो मुरूम अजून तठीच आहे. विनोद आता रविवारी गाडी धुवाच्या आधी बाह्या वर करून माह्या धुऱ्यापलीकडचं अझोला उपसते, गाय मान लांब करून वाट पाहते. माह्या अर्ध्या अंगावर हिरवळ, अर्ध्या अंगावर आभाळ.

तुमच्याही घरी टाकं असन, कुंडी असन, काचेची पेटी असन. वर हिरवंगार दिसलं का खाली सारं बरं आहे, असं समजू नका. मासोळी तोंड वर काढून असन तं चाराच्या पहिले वाका, पाण्यात हात घाला, वास घ्या. झाकण वाढलं असन तं अर्धं काढा, अन् काढलेलं दुसऱ्याच्या पाण्यात फेकू नका. एवढं कराजा, म्हाताऱ्या हौदाचं मागणं आहे.

मंगलाबाई अजून रोज सकाळी येते. माह्या काठाले हात टेकून वाकते. पाणी सपाट दिसलं, एकही तोंड दिसलं नाही, का घरात पाहून खुशीनं सांगते, "अजी, कोणीच नाही दिसून राह्यलं! साऱ्या बऱ्या हायेत."