वाकडी दांडी

गोठ्याच्या कोपऱ्यातली पाण्याची वाटी सकाळपासून गळत होती, आणि नेमकी तिच्याच पुढ्यात काळी उभी होती. काळीचे दिवस भरले होते. खाली ओला कोबा आणि वर एवढं जड जनावर. गाभण गाय पाय फाकून घसरली तर पुन्हा उठत नाही, हे या घरातल्या लहानथोरांना तोंडपाठ होतं. सुनेला तर जरा जास्तच.

तीन वर्षांपूर्वी याच जागेवर लाल गाय घसरली होती, ती उठलीच नाही. सून तेव्हा घरात नवी होती आणि त्या सकाळी तिनेच हौसेनं कोबा धुतला होता. कोणी तिला तोंडावर काही बोललं नाही. सासूबाईंनी फक्त दुसऱ्या दिवशी गोठ्यातली बादली उचलून नेली ती पुन्हा तिच्या हाती दिली नाही, आणि सासऱ्यांनी मान खाली घालून ते चालू दिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

आज मात्र इलाज नव्हता. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन, सोबतीला सासूबाई, नवरा ट्रक घेऊन चार दिवस बाहेर. बावीस गाई आणि ती एकटी. "तू फक्त चारा टाक, वाट्या आपोआप भरतात," असं सासूबाई बजावून गेल्या होत्या. "आणि उठसूट फोन करू नकोस. त्यांचं बीपी वाढलं तर ऑपरेशन पुढे ढकलतील."

आपोआप म्हणे! वाटीच्या बाजूच्या डबीत टाकीत असतो तसा प्लास्टिकचा गोळा, त्याला पितळी दांडी. पाणी चढलं की गोळा चढतो आणि दांडी नळ दाबून धरते. सारा खेळ एका वायसरवर. तिनं सगळ्या वाट्यांचा मेन कॉक बंद केला, सासऱ्यांच्या डब्यातून नवा वायसर शोधून बसवला. इथवर सगळं ठीक होतं. पण ती शिंप्याची लेक. वाकडी शिवण दिसली की उसवल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. दांडी मधेच वाकलेली दिसली. गाईनं शिंग मारलं असेल, असं म्हणून तिनं पकडीनं ती छान सरळ केली, कॉक उघडला आणि चारा टाकायला पलीकडे गेली.

परत आली तर वाटी काठावरून वाहत होती. काळीच्या चारही पायांखाली पाणी, आणि काळी शेपटी वर करून अस्वस्थपणे पाय बदलत होती. तेवढ्यात पाणमोट फुटली.

 सुनेनं धावत जाऊन कॉक बंद केला. काळीला सुक्या जागी न्यायला ओढलं, तर बाई जागची हलेना. पोत्यानं पाणी टिपलं, लाकडाचा भुसा ओतला, अंगावरची ओढणीसुद्धा टाकली. वायसर काढून पुन्हा बसवला, एकदा, दोनदा. कॉक उघडला की पाणी पुन्हा काठावर. बंद ठेवावा तर बावीस गाई भर दुपारी तहानेल्या. जीभ लावून रिकाम्या वाट्या खडखडवत होत्या. परत तेच, परत माझ्याच हातून, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

आणि फोन वाजला. सासरे.

"काळी कशी आहे?"

"मजेत आहे, बाबा. तुम्ही काळजी करू नका."

"मग कॉक का बंद केलास?"

तिनं दचकून वाट्यांकडे पाहिलं.

"डोळा गेलाय माझा, कान नाही. रिकाम्या वाट्या वाजतायत इथपर्यंत."

तिनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. 

"दांडी वाकव," सासरे म्हणाले. "गोळा दोन बोटं खाली यायला हवा. मी मुद्दाम वाकवलेली होती."

"कधी?"

"लाल गाय पडली त्या संध्याकाळी. आदल्या दिवशी मीच ती सरळ केली होती. वाटी काठोकाठ भरावी म्हणून. ती वाहत राहिली."

"म्हणजे... मी कोबा धुतला म्हणून नाही?"

"तू धुतलास सकाळी. गाय पडली दुपारी. तोवर कोबा खडखडीत सुकला होता, पोरी. सांगायला जीभ रेटली नाही."

तिला आधी हायसं वाटलं, आणि लगेच असा संताप आला की हातातली पक्कड भिंतीवर फेकावीशी वाटली. तीन वर्षं! तीन वर्षं ती या गोठ्यात चोरासारखी वावरली होती.

"आई आहेत तिथे?"

"शेजारीच बसलीय."

"मग त्यांना सांगा. आत्ता. मी फोन ठेवत नाही."

"ऑपरेशन झाल्यावर..."

"आत्ता, बाबा."

फोन कान आणि खांद्यात दाबून तिनं दांडी पकडीत धरली. पलीकडे सासरे अडखळत सांगत होते. लाल गाय, आदला दिवस, ही दांडी. एकही शब्द गाळला नाही. तिनं दांडी वाकवली, कॉक उघडला. पाणी चढलं, चढलं, आणि काठाखाली दोन बोटं थांबलं. तिनं खालून हात फिरवला. कोरडं.

काळी भुशावर बसली होती, आणि वासराचे पुढचे दोन खूर दिसू लागले होते.

फोनवर आता सासूबाई होत्या. 

"बादली माझ्या कपाटामागे आहे," त्या म्हणाल्या. "व्यायल्यावर काळीला कोमट पाणी लागेल. घे ती."