उलट्या टाक्यांची वही

अर्ज नामंजूर झाला तो माझ्या इस्त्रीच्या शर्टामुळे, असं आई अजून म्हणते. खरं कारण वेगळं होतं. पण शर्टाचाही थोडा हात होता त्यात, खोटं कशाला बोलू.

मी कोट शिवणाऱ्या एका दुकानात बटणांची काजं करतो. हाताने. मास्तर म्हणतात, मशीनचं काज म्हणजे कोटाला पडलेलं भोक. वय सव्वीस, आणि गेली तीन वर्षं सकाळी माझी बोटं उघडत नाहीत. सांधे सुजतात, गरम होतात. टूथपेस्ट आई पिळून देते. मग मध्येच आठवडाभर काहीच नाही, एकदम ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, शरीराची राखण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उलटलीय.

आई म्हणाली, "म्हणजे कुंपणच शेत खातंय."

डॉक्टर म्हणाले, "हेच सांगायला मला पंधरा मिनिटं लागतात."

एक इंजेक्शन आहे, त्याने फरक पडतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर ते सरकारकडून मिळतं, वर दर महिन्याला थोडी मदत. नाही मिळालं तर इंजेक्शन परवडणारं नाही, आणि बोटं हळूहळू कायमची वाकडी. मला दुसरं काही येत नाही. हात गेले की मीच गेलो.

तपासणीच्या दिवशी आईने शर्टाला कडक इस्त्री केली. "सरकारी माणसांसमोर गबाळ्यासारखा जाऊ नकोस. दाढी कर. ताठ बस." बटणं तिनेच लावली. निघताना मी दुखण्याची गोळीही घेतली, रांगेत उभं राहता यावं म्हणून. माझी अक्कल! दुपारी दोनला नंबर आला. तपासणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, मूठ वळवा. वळवली. उघडा. उघडली. तेवढं झालं आणि बाहेर.

महिन्याने पत्र आलं. कामाच्या ठिकाणच्या दाखल्यानुसार अर्जदार रोज हजर असतो आणि पूर्ण काम करतो, सबब अर्ज नामंजूर. फेरतपासणी हवी असेल तर महिन्यातले साधारण दहा दिवस हाताचं काम होत नाही, हे कामाच्या नोंदींतून दाखवा.

दाखला मास्तरांनी दिलेला. पत्र घेऊन तडक दुकानात गेलो. मास्तर सत्तरीचे, जाड चष्मा, गळ्यात टेप. डोळ्यांमुळे सुईकाम सोडलं, आता फक्त कापतो, असं ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात.

"मास्तर, रोज हजर? मागच्या महिन्यात बारा दिवस मी नुसता बसून होतो!"

"कुठे बसला होतास?"

"इथेच."

"मग हजरच की."

"आणि पूर्ण काम? माझ्या वाईट दिवसांची काजं समोरच्या मशीनवाल्याकडे जातात ना?"

"मशीनवाल्याकडे?" मास्तर असे भडकले की कानावरचा खडू पडला. "माझ्या दुकानातला कोट?"

"मग कोण करतं?"

मास्तर उगाच कात्रीला तेल घालायला लागले.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कोटावर काज करायच्या आधी त्याच कापडाच्या चिंधीवर एक काज करून बघायचं. ती चिंधी तारीख टाकून वहीत टाचायची. वही मास्तरांची, कुणी हात लावायचा नाही. मी लावला. तीन वर्षांच्या चिंध्या. माझं काज मी झोपेतही ओळखीन. पण मध्येमध्ये काही काजांचे टाके उलट्या दिशेने फिरलेले. आरशात बघावं तसे.

उलटे टाके डावखुऱ्याचे पडतात. दुकानात डावखुरी कात्री एकच आहे, आणि तिला मास्तर सोडून कुणी शिवत नाही.

"तुम्ही?"

"ओरडू नकोस. गिऱ्हाइकांना कळलं तर सगळ्यांना मास्तरच्याच हातचं काज हवं होईल. भिंग लावून करतो. दुपारी तू जेवायला घरी जातोस तेव्हा."

"पण का?"

"गैरहजर लावलं असतं तर पगार कापावा लागला असता. काम परत गेलं असतं तर तू दुकान सोडलं असतंस. तुझं डोकं मला माहीत नाही का?"

मला रडू येत होतं आणि रागही. म्हणालो, "तुमच्या मायेने माझा अर्ज बुडाला, मास्तर."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "बुडवला मी, तर वर काढीन मीच."

आई आणि मास्तर वही घेऊन बसले. शेवटच्या सहा महिन्यांतले उलटे दिवस: अकरा, अकरा, तेरा, नऊ, चौदा, बारा.

"नऊवर अडणार," मास्तर म्हणाले. "एक चिंधी करून टाचू का आत्ता? कोण बघतंय?"

आईने वहीच ओढून घेतली. "तुमच्या एका खोट्याने आधीच तोंडघशी पडलोय. आता हात लावाल तर बघा."

फेरतपासणीला मी साधा बिनबटणाचा टीशर्ट घालून गेलो, बरोबर आई आणि मास्तर. आणि नेमका दिवस चांगला. बोटं अशी चालत होती की तबला वाजवावा. चांगले हात बघून मी घाबरलोय, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

त्याच डॉक्टरबाई. मास्तरांनी वही टेबलावर ठेवली आणि मी बोलायच्या आत म्हणाले, "दाखला खोटा आहे. मी दिला. लिहून घ्या."

"काका, याचे परिणाम कळतायत ना तुम्हाला?"

"सत्तर वर्षांचा आहे. आता नाही कळणार तर कधी?"

बाईंनी वही चाळली. "उलटे टाके तुमचेच, हे कशावरून?"

मास्तरांनी खिशातून दोन सुया, दोरा आणि चिंध्या काढल्या. एक सुई मला दिली. भिंग डोळ्याला लावून ते डाव्या हाताने सुरू झाले. मी उजव्या हाताने. माझं काज इतकं सुरेख होत होतं की प्रत्येक टाक्याला वाटत होतं, मी परत स्वतःच्याच पायावर धोंडा मारतोय.

बाईंनी दोन्ही चिंध्या वहीशेजारी ठेवल्या. मास्तरांचं भिंग मागून घेतलं. बराच वेळ पानं उलटत राहिल्या.

"आज चांगला दिवस आहे तुमचा."

"हो."

"मागच्या वेळी?"

"तोही. वर गोळी घेतली होती."

"वाईट दिवशी का नाही आलात?"

"तारीख तुम्ही देता, मॅडम. दुखणं तारीख बघून येत नाही."

त्यांनी पेन उचललं. आई मागून म्हणाली, "एका महिन्यात नऊच आहेत. आधीच सांगते."

"सरासरी धरतात, मावशी," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच जरा हसल्या. मास्तरांना त्यांनी नवा दाखला लिहायला लावला, खऱ्या दिवसांचा. जुन्यावर मोठी फुली मारून सही घेतली आणि तंबी दिली. मास्तर शाळेतल्या मुलासारखे मान हलवत होते.

प्रमाणपत्र पाच आठवड्यांनी आलं. दोन वर्षांचं, मग परत तपासणी. म्हणजे दोन वर्षांनी परत हीच वही घेऊन जायचंय. चालेल. इंजेक्शन सुरू झालंय. आईने प्रमाणपत्राला प्लास्टिक चढवून आणलं आणि कपाटात इस्त्रीच्या शर्टाखाली ठेवलंय. म्हणते, शर्टाला कळू दे.

बातमी दुकानभर झालीच. आता गिऱ्हाइकं मुद्दाम विचारतात, मास्तरांच्या हातचं काज मिळेल का? मास्तर माझ्याकडे बघून दात खातात. पण भिंग आता खिशात लपलेलं नसतं, टेबलावर असतं.

गेल्या महिन्यात उलटे दिवस सात होते. हजेरीही खरी लागते. सकाळी मी आलो की मास्तर वही उघडतात, तारीख टाकतात आणि विचारतात, "आज कोण?"

मी मूठ वळवून, उघडून बघतो. मग सांगतो.

आज मी.