संध्याकाळची टवटवी

काकाच्या रोपवाटिकेतली टोमॅटोची झाडं दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. म्हणून हल्ली काका गिऱ्हाइकांना ऊन उतरल्यावरच बोलावतो.

"उन्हानं दमतात गं. तू नाही दमत?"

मी एक झाड उपटलं. कुंडीतली माती ओली होती, म्हणजे तहान नव्हे. खोड बुडाशी कापलं तर आत तपकिरी. दाबल्यावर कापावर चिकट थेंब जमला, पिकलेल्या गळवासारखा. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत जिवाणू माजतात, नळ्या चोंदतात आणि मुळाशी पाणी असून पानं सुकतात. ऊन गेलं की पानांना पाणी कमी लागतं, म्हणून सुरुवातीला ती सावरतात, इतकंच. फुटवे खुडायला काका सगळ्या झाडांना एकच सुरी वापरतो. मध्ये ती विजारीला पुसतो.

"काका, ही विकू नकोस. ज्याच्या वाफ्यात जातील तिथली मातीसुद्धा नासेल."

"माझ्या दारातून उभी गेली ना? पुढचं त्यांचं नशीब."

मला त्या थेंबापेक्षा या वाक्याची जास्त किळस आली.

संध्याकाळी एक निवृत्त नर्सबाई आल्या. घरामागे त्यांनी पहिल्यांदाच वाफे केले होते. दोन कुंड्या कडेवर घेऊन म्हणाल्या, "काय टवटवीत आहेत."

मी काकूचा काचेचा पेला पाण्यानं भरला आणि कापलेलं खोड त्यात टांगतं धरलं. "बाई, जरा बघता?"

खोडातून पांढरा, शेंबडासारखा धागा सुटला आणि हळूहळू तळाशी उतरला.

"पू आहे हा?"

"तसंच समजा. सगळ्या झाडांत असणार."

बाईंनी कुंड्या खाली ठेवल्या. "उभा जन्म हेच पुसण्यात गेला. घरी नको," म्हणाल्या आणि हात धुवायला नळ विचारून निघून गेल्या.

"झालं समाधान?" काका म्हणाला. "सख्खी पुतणी, आणि दुकानावर नांगर फिरवतेय."

"पेला तरी दुसरा घ्यायचास गं," काकू म्हणाली.

आता विकण्याजोगी फक्त वांग्याची रोपं उरली होती. ती पलीकडच्या फळीवर होती, अजून निरोगी. काकानं पेला उचलला आणि तिकडे चालू लागला.

"काका, तिथे नको. वांग्यालाही हाच रोग होतो."

"पाणीच आहे ना? फेकायचं कशाला?"

मी पोचेपर्यंत त्यानं प्रत्येक कुंडीत थोडं थोडं ओतलं होतं. तळाला चिकटलेलं बोटानं खरवडून शेवटच्या कुंडीत झटकलं आणि पेला काकूपुढे धरला.

"घे, विसळून ठेव."